भागाकारावर विमान उडत नाही

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजार किलोमीटर. जेट विमानाचा वेग ताशी नऊशे किलोमीटर. भागाकार चौथीतलं पोरही करील. उत्तर चौदा तासांच्या आत येतं. मग तिकिटावर सोळा तास कसे? वरचे दोन तास कुणाच्या घशात गेले?

हा सवाल आता इतक्या ठिकाणी ऐकू येतो की त्याला लोकमताचा दर्जा मिळाला आहे. लेक न्यू जर्सीत आणि मुलगा टेक्सासात अशा घरांतून तो दर उन्हाळ्यात उठतो, निवृत्तांच्या कट्ट्यावर त्याला अनुमोदन मिळतं, आणि ज्यांची हयात यंत्रांशी झटण्यात गेली असे इंजिनिअरही माना डोलावतात. सोबत पुरवणी आरोपपत्र असतंच. एक, समोरच्या पडद्यावर विमानाची रेघ सरळ पश्चिमेला न जाता ग्रीनलंडच्या दिशेने वाकडी चढते, म्हणजे उगाच वळसा घातला जातो. दोन, परतताना दीड-दोन तास कमी लागतात, म्हणजे जातानाचा वेळ फुगवलेला असतो. तीन, १९६० सालीही विमानं याच वेगाने उडत होती, म्हणजे साठ-पासष्ट वर्षांत प्रगती शून्य. निकाल आधीच लिहून ठेवलेला असतो : विमान कंपन्या प्रवाशाला गंडवतात.

कंपन्यांची वकिली करण्याची हौस मला नाही. खिडकीजवळच्या जागेचे वेगळे पैसे आणि जादा बॅगेचे वेगळे पैसे उकळणाऱ्यांची बाजू कुणी फुकटात का घ्यावी? पण वेळेच्या बाबतीत हे आरोपपत्र चोर सोडून संन्याशाला सुळी देतं. प्रवाशाचा वेळ जातो हे खरं आहे. त्यातला काही निसर्ग घेतो, त्याला इलाज नाही. काही माणसं घेतात, आणि ती माणसं विमान कंपन्यांच्या कचेऱ्यांत बसत नाहीत. आपला सगळा राग भागाकारावर खर्च झाल्यामुळे त्यांना मात्र कुणी जाब विचारत नाही. माझी तक्रार ही आहे.

सुरुवात त्या साडेबारा हजारापासूनच करू. हा आकडा खोटा नाही. मुंबई विमानतळाचे आणि न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचे अक्षांश-रेखांश घेतले आणि पृथ्वीच्या पाठीवरून दोघांना जोडणारी सर्वांत आखूड रेघ मोजली, तर उत्तर १२,५०० किलोमीटरच्या किंचित वर येतं. भूगोलात या रेघेला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. ती डोळ्यांनी पाहायची असेल तर शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर दाबावं आणि दोरा ताणावा. आपली समजूत अशी की तो अरबी समुद्र ओलांडून मावळतीकडे जाईल. प्रत्यक्षात तो वायव्येला, तोही उत्तरेकडे झुकून निघतो. सिंध, दक्षिण अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान असं करत तो रशियात शिरतो, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून जातो, हेलसिंकीला जवळजवळ शिवतो, स्वीडन आणि नॉर्वे ओलांडतो. आइसलँडच्या जरा अलीकडे तो ६५ व्या अक्षांशाला टेकतो, म्हणजे आर्क्टिक वृत्त तिथून हाकेच्या अंतरावर. मग उतरणीला लागून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून लॅब्राडोर, क्वेबेक आणि शेवटी न्यूयॉर्क.

आता वाकड्या रेघेचा आरोप. आपल्या डोक्यात बसलेला जगाचा सपाट नकाशा मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली खलाशांच्या सोयीसाठी बेतला. त्यात दिशा नेमक्या राहतात, पण ध्रुवांकडे जावं तसे प्रदेश फुगत जातात. म्हणूनच आफ्रिकेच्या चौदाव्या हिश्श्याएवढं ग्रीनलंड त्यात आफ्रिकेच्या तोडीस तोड दिसतं. या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई-न्यूयॉर्क सरळ रेघ मारली तर ती सौदी अरबस्तान, सहारा आणि अटलांटिक अशी जाते. दिसायला नीटस, पण गोलावर मोजली तर सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. दोऱ्याच्या वाटेपेक्षा जवळपास १,७०० किलोमीटर जास्त, म्हणजे मुंबईहून कोलकात्याला जाण्याइतकी. ज्याला आपण वळसा म्हणतो ती जवळची वाट आहे, आणि ज्याला सरळ म्हणतो तोच वळसा. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण इथे लागू पडत नाही. अंगण खरोखरच वाकडं आहे आणि वैमानिकाला नाचता येतं.

म्हणजे अंतराचा आकडा बरोबर, भागाकारही बरोबर. तरी उत्तर चुकतं, कारण त्या दोऱ्यावरून कुठलंच विमान जात नाही आणि ताशी नऊशे हा वेग जमिनीशी मोजलेला नसतो. विमानाचा वेग भोवतालच्या हवेशी मोजतात, आणि ती हवा स्वतः धावत असते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, नेमकी जिथून प्रवासी विमानं जातात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे पट्टे आहेत. हवामानशास्त्रात त्यांना जेट प्रवाह म्हणतात. उष्ण कटिबंधाची ऊब, ध्रुवाकडची थंडी आणि पृथ्वीचं फिरणं यांतून ते तयार होतात. हिवाळ्यात त्यांचा जोर ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. नदीत होडी वल्हवणाऱ्याला जे सांगावं लागत नाही ते इथे सांगावं लागतं : प्रवाहाच्या उलट जायला वेळ लागतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो, हिशेब मिटला. नाही मिटत. अंतर १२,५०० किलोमीटर धरा, विमानाचा हवेतला वेग ९०० धरा आणि सगळ्या वाटेवर सरासरी १०० चा वारा धरा. जाताना खरा वेग ८००, वेळ १५ तास ३७ मिनिटं. येताना वेग १,०००, वेळ साडेबारा तास. एकाच विमानात, एकाच अंतरात तीन तासांहून जास्त फरक पडला, आणि त्यात कुणी कुणाला फसवलं नाही. शिवाय दोन्ही मिळून २८ तास ७ मिनिटं झाली; वारा नसता तर पावणेअठ्ठावीस झाली असती. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, सुलट्या वाऱ्यात कमी, म्हणून नुकसान फायद्यापेक्षा थोडं मोठंच राहतं. परतीचा वेळ कमी ही वस्तुस्थिती फसवणुकीचा पुरावा म्हणून पुढे करणाऱ्यांनी एवढा एक भागाकार जास्तीचा करायला हरकत नव्हती.

वाऱ्याचा सुलटा प्रतापही नोंदलेला आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी याच प्रवासाला सहा-साडेसहा तास लागतात. अंतर त्या रात्री कमी झालं नव्हतं. उत्तर अटलांटिकवरचे हवाई मार्ग तर रोज नव्याने आखले जातात. आदल्या दिवशीचा वाऱ्याचा अंदाज पाहून युरोपकडून अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी वेगळे आणि उलट येणाऱ्यांसाठी वेगळे. कालचा रस्ता आज नसतो. अशा आकाशात दोन विमानतळांमधलं एकच एक अंतर धरून बसणं ही भूगोलाची गोडी झाली, प्रवासाचा हिशेब झाला नाही.

या सगळ्यावर कडी करणारं उदाहरण आपल्याच घरचं आहे. एअर इंडियाची दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सेवा आधी अटलांटिकवरून जात असे. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर, वेळ साधारण साडेसोळा तास, कारण वारा समोरून. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने विमान उलट्या बाजूने, पूर्वेला प्रशांत महासागरावरून न्यायला घेतलं. अंतर १५,३०० किलोमीटर झालं, म्हणजे १,४०० किलोमीटर वाढलं. वेळ झाला साडेचौदा तास. वाट लांबली आणि प्रवास दोन तासांनी आटोपला. परतताना ते विमान पुन्हा पूर्वेचीच वाट धरून अटलांटिकवरून येई, म्हणजे एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण. अंतर भागिले वेग या सूत्रात हे उदाहरण बसवून दाखवावं, अशी माझी कट्ट्यावरच्या मंडळींना विनंती आहे.

उरलेला फरक किरकोळ आहे, म्हणून थोडक्यात. तिकिटावरचा वेळ चाकं जमिनीवरून उचलल्यापासून मोजत नाहीत. विमान आपल्या जागेवरून मागे ढकललं जातं तिथपासून पलीकडच्या जागेवर उभं राहतं तिथपर्यंत तो असतो. धावपट्टीपर्यंत सरपटणं, रांगेत उभं राहणं, उतरल्यावर पुन्हा सरपटणं, सगळं त्यात आलं. दहा हजार फुटांच्या खाली वेगाला साधारण २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या आसपासची मर्यादा असते. लांब पल्ल्याला निघालेलं विमान इंधनाने इतकं जड असतं की त्याला लगेच हव्या त्या उंचीवर चढताही येत नाही. इंधन जळेल तसं ते टप्प्याटप्प्याने वर सरकतं. नऊशेचा आकडा खरा ठरतो तो मधल्या पल्ल्यापुरता.

आता प्रगतीचा मुद्दा, कारण तो वरवर सर्वांत वजनदार वाटतो. १९६० च्या मे महिन्यात एअर इंडियाचं बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं. त्याचा वेग आणि आजच्या ड्रीमलायनरचा वेग यांत सांगण्यासारखा फरक नाही, हे कबूल. ड्रीमलायनर ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्क्यांवर उडतं. त्याच्या पुढे गेलं की पंखांवरून वाहणारी हवा जागोजागी ध्वनीचा वेग ओलांडते, धक्क्याच्या लाटा उठतात आणि हवेचा विरोध एकदम वाढतो. थोड्याशा वेगासाठी बरंच जास्त इंधन जाळावं लागतं. कुणी प्रयत्न केला नाही असंही नाही. कॉन्व्हेअर कंपनीने साठच्या दशकात इतरांपेक्षा वेगवान असं ९९० विमान काढलं. अवघी ३७ विमानं बनली आणि कंपनीचं कंबरडं मोडलं. बोइंगने मार्च २००१ मध्ये ध्वनीच्या वेगाच्या अगदी लगत उडणाऱ्या सॉनिक क्रूझरची घोषणा केली आणि डिसेंबर २००२ मध्ये ती गुंडाळली. विमान कंपन्यांना वेग नको होता, इंधनाची बचत हवी होती. सॉनिक क्रूझर मागे घेतल्यावर जे विमान पुढे आलं तेच हे ड्रीमलायनर. स्वस्त तिकीट की एक तास कमी, या निवडीत आपण प्रवाशांनी काय निवडलं ते आपल्याच तिकीट शोधण्याच्या सवयीवरून कळतं. भाड्याच्या चढत्या क्रमाने यादी लावणाऱ्याने वेगाच्या नावाने गळा काढू नये.

वेगवान विमान झालंच नाही का? झालं. काँकर्ड १९७६ ते २००३ प्रवासी घेऊन उडत होतं आणि लंडनहून न्यूयॉर्कला साडेतीन तासांत पोचवत होतं. पण शंभर माणसं घेऊन त्याचा पल्ला जेमतेम अटलांटिक ओलांडण्याचा. आज चर्चेत असलेलं बूम कंपनीचं ओव्हरचर ध्वनीच्या १.७ पट वेगाने जाणार असं सांगितलं जातं. त्याचा नियोजित पल्ला ४,२५० सागरी मैल, म्हणजे ८,००० किलोमीटरहूनही कमी. मुंबई-न्यूयॉर्क एका दमात त्याच्याने होणार नाही. वाटेत उतरून इंधन भरा, पुन्हा चढा, आणि जमिनीवर ध्वनिस्फोटाला बंदी असेल तिथे वेग उतरवा, एवढं केल्यावर हाती काय उरेल याचा हिशेब स्वप्नं विकणाऱ्यांकडून मागून घ्यावा.

आणि प्रगती शून्य हे तर धादांत खोटं. प्रगती वेगात शोधणारे ती चुकीच्या खिशात शोधतात. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे एअर इंडियाचं विमान मुंबईहून लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत. न्यूयॉर्कला जायचं तर लंडनचा थांबा पुढेही कित्येक वर्षं चुकला नाही. प्रत्येक थांबा म्हणजे उतरणं, इंधन, तपासणी, पुन्हा उड्डाण. ऑगस्ट २००७ मध्ये एअर इंडियाने मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा सुरू केली. वेग तोच, पण मधले थांबे पुसले गेले. त्यामागे इंजिनांचा भरवसा आहे. दोन इंजिनांच्या विमानाने जवळच्या विमानतळापासून एका तासापेक्षा दूर जाऊ नये असा अमेरिकेचा १९५३ सालचा नियम होता. इंजिनं सुधारली तशी ती मुदत १९८५ मध्ये १२० आणि १९८८ मध्ये १८० मिनिटांवर गेली आणि समुद्र मोकळे झाले. प्रति प्रवासी इंधन पहिल्या जेट विमानांच्या निम्म्याहून बरंच खाली आलं. इंजिनिअरांनी आपलं काम चोख केलं. त्यांनी कमावलेले तास दुसऱ्यांनी घालवले.

हे दुसरे कोण, ते पाहायला हेलसिंकी-टोकियोइतकी चांगली जागा नाही. या दोन शहरांमधलं अंतर आठ हजार किलोमीटरच्या आत आहे आणि त्यातलं बहुतेक रशियावरून जातं. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बंद होतं, तेव्हा युरोपची विमानं अलास्कातल्या अँकरेजला थांबून जपानला जात. १९८३ मध्ये फिनएअरने डीसी-१० विमानाला जादा इंधनटाक्या बसवून ते उत्तर ध्रुवावरून विनाथांबा नेलं. वेळ सुमारे तेरा तास. पुढे सायबेरियाचं आकाश उघडलं आणि तोच प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोपने रशियन विमानांना आणि रशियाने युरोपीय विमानांना आकाश बंद केलं. फिनएअर पुन्हा ध्रुवावरून जाऊ लागली. वेळ पुन्हा तेरा तास. चाळीस वर्षांत विमान कुठल्या कुठे गेलं आणि घड्याळ होतं तिथे परत आलं. दोन विमानतळांमधला वेळ कोण ठरवतं, याचा याहून उघडा पुरावा मला ठाऊक नाही.

आता मुंबई-न्यूयॉर्कचा तो दोरा पुन्हा हातात घ्या आणि त्याच्यावरचे पहारेकरी मोजा. पहिलाच देश पाकिस्तान. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला त्याने आकाश बंद केलं ते १६ जुलैपर्यंत. त्यातल्या २ जुलैपर्यंतच्या काळात एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं. इंडिगोच्या दिल्ली-इस्तंबूल विमानाला इंधनासाठी दोह्याला उतरावं लागत होतं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला दार पुन्हा बंद झालं आणि नंतर मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. भारतानेही पाकिस्तानी विमानांना बंदी घातली. दिल्लीहून अमेरिकेला निघालेली विमानं इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगन अशी उतरू लागली. वर्षभर असंच चाललं तर सुमारे ६० कोटी डॉलरचा भुर्दंड पडेल असा एअर इंडियाचा अंदाज होता. १ सप्टेंबर २०२५ पासून तिने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली. विमानांची टंचाई हे एक कारण आणि बंद आकाश हे दुसरं. दोऱ्यावरचा दुसरा देश अफगाणिस्तान. तिथे ऑगस्ट २०२१ पासून उंच उडणाऱ्या विमानांना मार्गदर्शन करणारं नियंत्रणच राहिलेलं नाही. मग मध्य आशिया, आणि पुढे रशिया.

गंमत अशी की अमेरिकन विमान पाकिस्तानवरून जाऊ शकतं, पण रशियावरून जाऊ शकत नाही. भारतीय विमानाला रशिया मोकळा, पण पाकिस्तान बंद. जवळची वाट दोघांपैकी एकालाही पूर्ण मिळत नाही. मार्च २०२२ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने नेवार्क-मुंबई सेवा थांबवली ती याच पायी; त्या विमानात बसणारं कोण होतं, हे न्यू जर्सीतल्या मराठी घरांना सांगायला नको. आणि ज्याला रशिया मोकळा आहे त्याचंही सगळं सुखाचं नाही. जून २०२३ मध्ये एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगादान इथे उतरलं. प्रवासी आणि कर्मचारी मिळून २३२ माणसं. तिथून पुढे न्यायला मुंबईहून दुसरं विमान पाठवावं लागलं आणि ते निघालं ८ जूनला. आखूड वाटेची किंमत अशीही मोजावी लागते.

हे फक्त परक्यांचं पाप आहे असं समजून आपण मिशांना पीळ देऊ नये. काँकर्ड १९७७ मध्ये लंडनहून बहारीनमार्गे सिंगापूरला जाऊ लागलं, तेव्हा मलेशियाने आवाजाची तक्रार केली आणि भारताने आपल्या आकाशात त्याला ध्वनीपेक्षा जास्त वेग घेऊ दिला नाही. सेवा १९८० मध्ये बंद पडली. त्या नकारामागे कारणं असतील. पण आकाशावर मालकी सांगणं आणि ती मालकी वाटाघाटीत वापरणं, हे प्रत्येक सरकार करत आलं आहे. १९४४ च्या शिकागो कराराचं पहिलंच कलम प्रत्येक देशाला त्याच्या आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व देतं. बृहद्वृत्ताची रेघ काढणाऱ्याला व्हिसा लागत नाही. त्या रेघेवर उडणाऱ्याला प्रत्येक देशाची परवानगी लागते.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. वेळापत्रकात वेळ फुगवला जातो. अमेरिकेत ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवर धरतात, आणि आपल्याकडेही वक्तशीरपणाची आकडेवारी दर महिन्याला जाहीर होते. परीक्षा आली की अभ्यासक्रम सोपा करून घ्यायचा मोह होतोच. इंधन वाचवण्यासाठी विमान किंचित हळू चालवलं जातं हेही खरं. पण ही फुगवणूक मिनिटांत मोजायची, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा विमानतळावर असतं. मुंबईचंच पाहा. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने स्वतः सांगितलं की मुंबईवर विमानांना ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागतात आणि ४० मिनिटांच्या घिरट्यांत १.७ किलोलीटर इंधन, म्हणजे सुमारे १.८ लाख रुपये जळतात. उपाय म्हणून गर्दीच्या वेळची उड्डाणं तासाला ४६ वरून ४४ वर आणली गेली. ज्या शहराला दुसरं विमानतळ हवं हे कित्येक वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं, तिथे नवी मुंबईचं विमानतळ प्रत्यक्ष सुरू व्हायला डिसेंबर २०२५ उजाडावा लागला. आकाशात घिरट्या घालणाऱ्या प्रवाशाची ती चाळीस मिनिटं कंपनीने चोरलेली नव्हती. ती भूसंपादनाच्या आणि परवानग्यांच्या फायलींत अडकली होती.

जमिनीवरचा हिशेब तर याहून मोठा. पुण्याहून न्यू जर्सीला निघालेला माणूस द्रुतगती मार्गावर घाट उतरतो, विमानतळाच्या दारात रांग धरतो, उड्डाणाच्या तीन तास आधी हजर राहतो आणि पलीकडे पासपोर्ट तपासणीच्या रांगेत पुन्हा उभा राहतो. या सगळ्यात सहज आठ-नऊ तास जातात. त्यांबद्दल अवाक्षर न काढता हवेतल्या दोन तासांवर तावातावाने बोलणं म्हणजे साप निघून गेल्यावर भुई धोपटणं. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं विमान उद्या आलं तरी खोपोलीच्या पुढची वाहतूक त्याला ओलांडता येणार नाही.

म्हणून भागाकार मांडणाऱ्यांना माझं सांगणं आहे : प्रश्न विचारा, पण योग्य दारात. वाऱ्याला जाब विचारता येत नाही आणि पृथ्वीचा गोलावाही कमी करता येत नाही. आकाश कुठल्या सरकारांनी बंद ठेवलं आहे, त्यावर बोलणी चालली आहेत की नाहीत, बंदीची किंमत शेवटी तिकिटातून कोण भरतं, हे विचारता येतं. धावपट्ट्या, रांगा आणि परवानग्या यांना वर्षानुवर्षं का लागतात, हे विचारता येतं. कंपन्यांकडूनही एक मागता येईल : वाटेतला इंधनथांबा आणि त्याचं कारण तिकीट विकण्याआधी ठळक छापा. ही सगळी उत्तरं मिळवायला त्रास पडेल, कारण ती देणारे खुर्चीत बसलेले असतात आणि त्यांना मतं लागतात. तोवर साडेबारा हजाराला नऊशेने भागत बसण्याने फक्त एकच गोष्ट होते : ज्यांनी खरोखर आपले तास घेतले, त्यांची निवांत सोय होते.